दोघांनी मिळून जुनी नाणी शोधायची तर: मेटल डिटेक्टर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी काय सापडणार ते आत्ताच सांगून टाकतो: खिळे. त्यानंतर बाटल्यांची झाकणं, कॅनच्या कड्या, चुरगाळलेलं फॉइल, तारेचे तुकडे, आणि नशीब जोरावर असलं तर चार-पाच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी खिशातून पडलेलं, अजून चलनात असलेलं एक नाणं. मी आणि माझा मित्र पहिल्यांदा गेलो तेव्हा सहा तास उन्हात फिरलो. संध्याकाळी पिशवी उपडी केली, तर त्यातली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे पितळेची एक जुनी गुंडी, म्हणजे बटण. ती नेमकी कुठे सापडली हे दोघांनाही सांगता येईना. तो म्हणे झाडाजवळ, मी म्हणे बांधाजवळ. गुंडी अजून माझ्याकडे आहे आणि ती कुठली याचा पत्ता अजूनही नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या एका गाढवपणातून आलेलं आहे.

जोडीदार आधी, यंत्र नंतर

या छंदात एकटे फिरणारे पुष्कळ आहेत. पण नवख्याने दोघांत सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. ते गप्पांसाठी नव्हे; कानावर हेडफोन असल्यावर गप्पा होतच नाहीत. खरं कारण असं की कान थकतो. दोन तास बीप-बीप ऐकल्यावर एक तर प्रत्येक आवाज नाण्याचा वाटायला लागतो, नाही तर कुठलाच वाटेनासा होतो. अशा वेळी "अरे, जरा इकडे ये, हे ऐक" असं म्हणायला माणूस लागतो. खणताना तर जास्तच लागतो. काहीतरी चमकलं की हात सुटतो, आणि मागून "थांब" म्हणणारा कुणी नसेल तर खुरपं थेट नाण्यावर बसतं. शिवाय वस्तू कुठे मिळाली, किती खोल होती, शेजारी काय होतं, याला साक्षीदार मिळतो. गुंडीच्या वेळी आम्ही दोघं असूनही साक्षीदार एकही नव्हता, हा भाग वेगळा.

जोडीदार चिकट हवा. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी बेटावर दोन मित्रांनी एका शेतात सुमारे ३० वर्षं शोध घेतला. तिथे पूर्वी कधीतरी चांदीची नाणी निघाली होती, एवढीच ऐकीव माहिती त्यांच्याकडे होती. २०१२ साली त्यांना सुमारे ७०,००० केल्टिक, म्हणजे युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांच्या, नाण्यांचा एकमेकांना चिकटलेला गठ्ठा लागला. त्यांनी तो स्वतः उकरून काढला नाही, जाणकारांना बोलावलं. गठ्ठा अख्खाच उचलून प्रयोगशाळेत नेला आणि नाणी सुटी करायलाच वर्षं लागली.

याच्या अगदी उलट गोष्टही दोघांचीच आहे. इंग्लंडमध्ये लेम्स्टर (Leominster) गावाजवळ २०१५ साली दोघा जणांना मोठा ठेवा सापडला. तो त्यांनी कुणाला कळवला नाही, नाणी इकडेतिकडे विकली. २०१९ मध्ये दोघांना मोठी कैद झाली. ठेव्यात सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज होता, त्यातली हाती आली फक्त ३१. त्यांपैकी काहींवर नवव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या दोन शेजारी राज्यांच्या राजांनी, वेसेक्सच्या आल्फ्रेडने आणि मर्सियाच्या केऑलवुल्फने, एकाच प्रकारचा छाप वापरलेला होता, म्हणजे इतिहासात दुबळा मानला गेलेला केऑलवुल्फ खरं तर आल्फ्रेडच्या बरोबरीने वावरत होता. बाकीच्या नाण्यांबरोबर आणखी काय गेलं ते गेलंच.

म्हणून शेतात पाऊल टाकायच्या आधी दोघांनी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. सापडलेलं कुणाचं? जमीनमालकाचा वाटा किती? कायद्याने कळवावं लागलं तर कोण कळवणार? फोटो कुणाला दाखवायचे? आमचा नियम असा: कुणाच्याही यंत्राखाली वाजलं तरी निम्मं-निम्मं. हे उदारपणामुळे नाही. "ज्याला सापडलं त्याचं" असं ठरवलं की दोघं एकमेकांपासून सिग्नल लपवायला लागतात, आणि मग सोबत जाण्यात अर्थच उरत नाही. कागद लिहिताना जरा कानकोंडं होतं, पण खिशात नाणं असताना लिहिण्यापेक्षा पिशवी रिकामी असताना लिहिणं सोपं.

परवानगी आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि टाळता येत नाही. प्रत्येक जमीन कुणाची तरी असते. मालकाची परवानगी लेखी घ्या. तारीख, जमिनीची हद्द आणि वाट्याचं बोलणं त्यात असू द्या. तोंडी परवानगी देणारा माणूस वर्षभराने वेगळंच आठवतो. त्यात त्याचा दोष नसतो.

त्यावर देशाचा कायदा. तो इतका निरनिराळा आहे की एका ठिकाणचा छंद दुसरीकडे सरळ गुन्हा ठरतो. इंग्लंडमध्ये मालकाच्या संमतीने शोध घेता येतो, पण १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली येणारा ठेवा १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावा लागतो. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर चालवायलाच सरकारी संमती लागते. फ्रान्समध्येही १९८९ च्या कायद्यापासून तसंच आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरून १०० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर काय सापडलं, कुठे आणि केव्हा, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये ही रक्कम १८७८ सालची आहे, पण कायद्यात ती तशीच आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणायचा तर विचारही करू नका.

तुम्ही जिथे राहता तिथला नियम आधी वाचा, शंका असेल तर पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला विचारा. "इथे कोण बघतंय" हा विचार ज्याच्या मनात येतो त्याला जोडीदार म्हणून घेऊ नका. तुमच्याच मनात आला तर यंत्र विकून टाका.

यंत्र काय करतं

दांड्याच्या टोकाला जी चकती असते ती कॉइल. तिच्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो आणि खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या आत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात आणि ते स्वतःचं दुबळं क्षेत्र परत पाठवतात. दुसरी कॉइल ते ऐकते. परत आलेला सूर किती उशिरा आला, यावरून लोखंड की चांदी याचा अंदाज बांधला जातो. अंदाज म्हणतो, कारण तो अंदाजच असतो.

नवख्यांसाठी व्हीएलएफ प्रकारचं, म्हणजे कमी वारंवारतेवर चालणारं साधं यंत्र पुरे. लोखंड आणि बाकीचे धातू यांत ते बऱ्यापैकी फरक करतं. पल्स इंडक्शन प्रकारची यंत्रं खोल जातात, खारट ओल्या वाळूत आणि लोहखनिज भरलेल्या लाल मातीत गोंधळत नाहीत, पण त्यांना धातूधातूंतला फरक फारसा कळत नाही. खिळ्यांनी भरलेल्या शेतात ते यंत्र घेऊन गेलात तर दिवसभर विहीर खणल्यासारखं वाटेल. अलीकडे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रंही मिळतात. ती चांगली असतात, पण पहिल्या वर्षी त्यांचा निम्मा उपयोगही होत नाही.

नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २५ सेंटीमीटरपर्यंत कळते. त्याखालचं विसरा. मोठी कॉइल थोडी खोल पाहते, पण शेजारी-शेजारी पडलेल्या दोन वस्तू तिला एकच वाटतात. कचरा जास्त असलेल्या जागी छोटी कॉइल बरी.

माझा सल्ला: दोघांत मिळून एक ठीकठाक यंत्र, एक पिनपॉइंटर आणि एक चांगला हेडफोन घ्या. पिनपॉइंटर म्हणजे हातात मावणारी, गाजराच्या आकाराची छोटी शोधकांडी. ती नसेल तर मातीच्या ढिगात नाणं शोधण्यात अर्धा दिवस जातो. दुसरं यंत्र सहा महिन्यांनी घ्या. एक वाजवतो, एक खणतो, अर्ध्या तासाने अदलाबदल. या पद्धतीत दोघंही लवकर शिकतात, कारण काय वाजलं आणि काय निघालं याची जोडी दोघांच्याही डोक्यात बसते.

बाकीचं सामान घरातलंच: टोकदार पण अरुंद पात्याचं खुरपं किंवा छोटं फावडं, हातमोजे (काचा फार असतात), माती ठेवायला जाड कापड, कचऱ्याची पिशवी, सापडलेल्या वस्तूंसाठी नंबर टाकलेल्या छोट्या पिशव्या, वही, पेन्सिल आणि लांब मोजपट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही एकदा तपासा.

आधी अंगणात शाळा

नवं यंत्र घेऊन कुणी थेट शेतात गेला की तो दुपारी वैतागून परत येतो. आधी आपल्याच परसात किंवा कुंड्यांच्या मातीत सराव करा. तांब्याचं, चांदीचं, स्टीलचं अशी दोन-चार नाणी घ्या. एकेक ५, १० आणि १५ सेंटीमीटरवर पुरा. एखादं नाणं आडवं न ठेवता उभं पुरा. ते किती बारीक वाजतं ते ऐका. एका नाण्याशेजारी मुद्दाम खिळा ठेवा. कॅनची कडी पुरा, फॉइलची गोळी पुरा. कोणतं कुठे आहे हे एकाने पुरावं आणि दुसऱ्याने ओळखावं. हा खेळ शेतातल्या पाच फेऱ्यांपेक्षा जास्त शिकवतो, आणि हरलेल्याची चेष्टा करायला मिळते ती वेगळीच.

धातू कोणता असावा याचा अंदाज म्हणून यंत्राच्या पडद्यावर जो आकडा येतो त्याला देव मानू नका. बहुतेक यंत्रांत लोखंड खाली, फॉइल आणि कॅनच्या कड्या मधे, जाड तांबं आणि चांदी वर, असा क्रम असतो. गोची अशी की सोन्याची बारीक अंगठी आणि कॅनची कडी जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. पातळ, हाताने घडवलेली जुनी नाणीसुद्धा मधेच कुठेतरी रेंगाळतात. म्हणजे मधले आकडे खणायचे नाहीत असं ठरवलं की कचऱ्याबरोबर तेही गेलं.

यंत्र सुरू करताना दोन गोष्टी रोज करायच्या. धातू नसलेल्या जागेवर कॉइल वर-खाली हलवत यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यायची, आवाज शांत होईपर्यंत. यंत्रात याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. दुसरं, संवेदनशीलता पूर्ण चढवायची नाही. ती शेवटापर्यंत नेली की यंत्र बडबडायला लागतं, आणि त्या बडबडीत बारीक खरा सूर बुडून जातो. शांत यंत्र थोडं कमी खोल गेलं तरी परवडलं.

लोखंड पूर्ण बंद करून टाकणारी सोय, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, नवख्यांना फार आवडते. मलाही आवडायची. पण खिळ्याशेजारचं नाणं त्या सोयीमुळे खिळ्याबरोबरच गप्प होतं. लोखंड ऐकू येऊ द्या, हळू आवाजात. आजूबाजूचं लोखंड खरा सूर कसा बुडवतं, याचं उदाहरण या यंत्राइतकंच जुनं आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच एक यंत्र बनवलं. गोळी सापडली नाही. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला, आणि डॉक्टरांनी तपासू दिली ती शरीराची बाजूही चुकीची होती.

कुठे शोधायचं

माणूस चालताना नाणं क्वचित पाडतो. तो बसतो, वाकतो, मोजतो, कपडे काढतो, तेव्हा पडतं. म्हणून शोधायची ती थांबण्याची ठिकाणं: नदीचा जुना उतार, चढ संपतो तिथली विसाव्याची जागा, दोन वाटा मिळतात तो कोपरा, पाणवठ्याकडे जाणारी पायवाट, म्हाताऱ्या झाडाची सावली, कधीकाळी बाजार भरत असे ते मैदान. जुने नकाशे आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवून पाहा. जी वाट नकाशात आहे आणि आज शेतात नाही, तिथे आधी जा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना "इथून पूर्वी कुठून जायचे हो, आजोबा?" असं विचारलं तर जे कळतं ते नकाशात नसतं.

शेत नांगरल्यावर आणि एखादा पाऊस पडून गेल्यावर जावं. ओलसर मातीत सूर स्पष्ट येतात, आणि पावसाने धुतलेल्या ढेकळांवर खापऱ्या उघड्या पडतात. खापऱ्या दिसल्या म्हणजे तिथे कधीतरी माणसं राहत होती. मात्र खापऱ्या, विटा, हाडं, राख अशी सगळीच गर्दी एका ठिकाणी दिसली तर खुरपं पिशवीत ठेवा. ती जागा पुरातत्त्व खात्याची आहे, तुमची नाही. फोटो काढा, जागा नोंदवा, कळवा.

उताराच्या शेतात आणखी एक लक्षात ठेवायचं. नांगराने आणि पावसाने माती खाली सरकते, तिच्याबरोबर नाणीही. खालच्या बांधाशी सापडलेलं नाणं तिथेच पडलं असेल असं नाही.

चालणं आणि ऐकणं

साधारण २० मीटर लांब-रुंद चौकोन आखा. चार कोपऱ्यांना खुंट्या, मधे दोरी लावून दीड-दीड मीटरचे पट्टे. कॉइल जमिनीला समांतर आणि दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. टोकाला गेल्यावर हात वर उचलला जातो, सगळ्यांचाच, झोपाळ्यासारखा. तिथेच नाणी सुटतात. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढला पाहिजे. कंटाळा येईल इतकं हळू चाललात म्हणजे वेग बरोबर आहे.

दोन यंत्रं झाली की ती एकमेकांना ऐकू लागतात. जवळ आली की दोन्ही विनाकारण किणकिणतात. दहा-पंधरा मीटरचं अंतर ठेवा, किंवा यंत्रात वारंवारता किंचित सरकवायची सोय असेल तर एकाने ती वापरा. चौकोनातून एकाने लांबीने जावं, दुसऱ्याने रुंदीने. उभं पडलेलं नाणं एका दिशेने वाजत नाही, दुसरीने वाजतं. मी पूर्ण "साफ केलेल्या" पट्ट्यातून मित्राने एकदा तीन नाणी काढून दाखवली. तेव्हापासून "साफ केलं" हा शब्द आम्ही वापरत नाही.

चांगला सिग्नल ओळखायचा कसा? तो दोन्ही बाजूंनी येतो, गोल आणि भरीव असतो, आणि तुम्ही जागेभोवती काटकोनात फिरून पुन्हा वाजवलं तरी तसाच राहतो. लोखंड तुटक वाजतं, एका बाजूने येतं नि दुसरीने जातं, आकडा उड्या मारतो. पण मोठं गंजलेलं लोखंड कधी कधी चांदीचा आव आणतं. तेव्हा कॉइल फूटभर वर उचला. नाणं असेल तर आवाज लगेच मरतो; पत्र्याचा डबा असेल तर वरूनही बोंबलत राहतो.

शंका असेल तर खणायच्या आधी दुसऱ्याला बोलवा आणि आपलं मत सांगू नका. त्याला ऐकू द्या, त्याला बोलू द्या. "नाणं आहे बघ" असं आधीच म्हटलं की त्यालाही नाणंच ऐकू येतं.

खणणं

आधी नेमकी जागा. कॉइल उभी-आडवी फिरवून अधिक चिन्हासारखं करा. जिथे दोन्ही रेघांवर सूर सगळ्यात मोठा, तो मध्य. त्या मध्यात खुरपं कधीच मारायचं नाही. दहा-बारा सेंटीमीटर बाहेरून पातं घाला आणि मातीचा गड्डा अख्खा उचला. गवत असेल तर घोड्याच्या नालासारखा तीन बाजूंनी काप द्या, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा आणि गवत उलटं पाडा. नंतर ते बंद करून पायाने दाबलं की आठवड्यात खूण राहत नाही. माती कापडावर काढायची, गवतावर नाही.

पिनपॉइंटर आधी खड्ड्यात, मग ढिगात. वस्तू निघाली की खड्ड्यावर कॉइल पुन्हा फिरवा. नाणी पुष्कळदा जोडीने पडतात, आणि पहिल्याच्या आनंदात दुसरं पुरून टाकणं ही आमची जुनी सवय. खड्डा बुजवा, प्रत्येक वेळी, अगदी पाच मिनिटांत परत येणार असलात तरी. उघड्या खड्ड्यात गुराचा पाय गेला तर तुमची परवानगी गेली, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या सगळ्यांची. निघालेला कचरा, खिळ्यासकट, पिशवीत. मालकाला संध्याकाळी ती पिशवी दाखवा. नाण्यापेक्षा तिच्यावर माणूस जास्त खूश होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थांबायचं कधी. नांगर जिथपर्यंत पोचतो ती माती, साधारण वरचे २० ते ३० सेंटीमीटर, आधीच उलथीपालथी झालेली असते. त्याखालची माती हललेली नाही. तिथे कोणती वस्तू कशाच्या वर, कशाच्या खाली आहे यात माहिती असते, आणि ती एकदाच वाचता येते. म्हणून सूर त्या खालून येतोय असं वाटलं, मडक्याची कड दिसली, एकाशेजारी एक नाणी निघू लागली, हाडं दिसली, तर हात बाहेर. इथेच "थांब" म्हणणारा मित्र लागतो.

थांबल्याने काय मिळतं ते इंग्लंडमधल्या फ्रोम गावाजवळ २०१० मध्ये दिसलं. शोधणाऱ्याला थोडी नाणी आणि मडक्याचा भाग लागला. त्याने खड्डा बुजवून टाकला आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी ते मडकं थराथराने रिकामं केलं: तिसऱ्या शतकातली ५२,५०३ रोमन नाणी. कॅरॉसियस राजाची, म्हणजे त्या ठेव्यातली सगळ्यात नवी नाणी वर नव्हती. बरीचशी खोल, मधल्या-खालच्या थरात होती. वर्षानुवर्षं साठवत गेलेलं मडकं असतं तर नवी नाणी वर असती. म्हणजे ती सगळी बहुधा एकाच वेळी ओतली गेली. घाईघाईने पोत्यात भरली असती तर नाणी तेवढीच राहिली असती आणि हे कळलं नसतं.

एक वेगळाच थांबा: जड, गंजलेली, नळकांड्यासारखी किंवा अंडाकृती वस्तू. जुने तोफगोळे आणि बॉम्ब अजून फुटतात. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, दूर जाऊन पोलिसांना फोन करायचा.

घासू नका

मातीतून काढलेलं नाणं बोटाने चोळायचा मोह प्रत्येकाला होतो. मातीत वाळूचे कण असतात, ते कानसेसारखे काम करतात. तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा थर हा मळ नव्हे. बरीचशी अक्षरं त्या थरातच शिल्लक असतात, तो काढला की खाली खडबडीत गोळा उरतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांडी घासायची पूड, सगळं वर्ज्य. चांदी काळी पडलेली असते, राहू द्या. शिसं पांढुरकं राखाडी दिसतं, त्याला हात लावल्यावर हात धुवा. सोनं तेवढं जसं पडलं तसं निघतं. सुटी माती मऊ ब्रशने झटकली की तुमचं काम संपलं. तांब्या-काशाच्या वस्तूवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सारखी येत राहिली तर तो गंजाचा चालू रोग आहे. ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. प्रत्येक वस्तू आपापल्या पिशवीत. खिशात तर कुठलीच नको.

नोंद

वस्तू पिशवीत जाण्याआधी वहीत जाते. क्रमांक, तारीख, खोली, माती ओली की कोरडी, शेजारी काय निघालं, कुणी वाजवलं, कुणी काढलं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो. जागेसाठी फोनचं जीपीएस चालतं, पण ते काही मीटर इकडेतिकडे होतं, आणि झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून आम्ही दोन पक्क्या खुणा धरतो, उदाहरणार्थ विहिरीचा कोपरा आणि बांधावरचा दगड, आणि दोन्हींपासून मोजपट्टीने अंतर घेतो. दोन अंतरं असली आणि शेताची बाजू लिहिलेली असली की जागा कागदावर पुन्हा नेमकी काढता येते. पट्टीचं एक टोक धरायला मित्र हवाच. इंग्लंडमध्ये हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला होता, तो शोधताना रोमन सोन्याचांदीचा प्रचंड ठेवा लागला. शोधणाऱ्याने वेळीच थांबून कळवलं, म्हणून कोणती वस्तू पेटीत कुठे ठेवली होती हेही समजलं. हातोडाही सापडला, आणि तो आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

खिळे आणि गुंड्याही नोंदवा. वेड्यासारखं वाटेल, सुरुवातीला मलाही वाटायचं. पण गेल्या हंगामात आम्ही एका शेतातल्या सगळ्या नोंदी आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी काढल्या. बैलाच्या नालाचे खिळे, दोन गुंड्या, झिजलेली चार तांब्याची नाणी, एक शिशाची गोळी. सुटं पाहिलं तर भंगार. कागदावर ते सगळं एका तिरप्या पट्ट्यात आलं, आजच्या कुठल्याही बांधाशी न जुळणाऱ्या. नकाशात नसलेली जुनी वाट. पट्टा बांध ओलांडून शेजारच्या शेतात जातो. ते शेत दुसऱ्याचं आहे, तेव्हा येता रविवार यंत्र घरीच ठेवून परवानगीचा कागद घेऊन जायचं ठरलं आहे.